हुल्डा परत आली

महिला मंडळाची बैठक त्या गुरुवारी सिग्ने ओकरलुंडच्या घरी होती. मार्च नुकताच लागला होता. बाहेर बर्फ वितळून अंगणाचा नुसता राडा झाला होता आणि दाराशी बायकांचे चिखलाने माखलेले रबरी बूट एकावर एक पडले होते. आतल्या खोलीत लाकडी चौकटीवर गोधडी ताणली होती. तिच्या चारी बाजूंनी बायका बसल्या होत्या आणि सुयांपेक्षा जिभाच जास्त जोरात चालल्या होत्या. विषय एकच होता, गाव कायमचं सोडून कॅलिफोर्नियाला निघालेले आल्बिन आणि हुल्डा आता कुठवर पोचले असतील.

“पोचले असतील कधीच,” टेक्लामावशी म्हणाली. ती लिंडग्रोव्ह गावातली सगळ्यात म्हातारी बाई. अख्खं गाव तिला मावशी म्हणायचं आणि अख्खं गाव तिच्या तोंडाला टरकून असायचं. “आल्बिन संत्र्याच्या झाडाखाली बसून तिकडच्या लोकांना पोट धरून हसवत असेल. आणि हुल्डा मागे बसून कपबशा विसळत असेल.”

सगळ्या हसल्या. सिग्नेही हसली. आणि तेवढ्यात पुढचं दार उघडलं.

लिंडग्रोव्हमध्ये दार वाजवायची पद्धत नव्हती. कुणी उशिरा आलं असेल म्हणून सिग्नेने मानही वर केली नाही. बूट काढल्याचा आवाज आला, खुंटीला कोट अडकवल्याचा आवाज आला. मग हुल्डा स्टेनक्विस्ट आत आली, शेगडीजवळच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसली, सुई घेतली, दोरा ओवला आणि म्हणाली, “कुठवर आलंय?”

कुणाचं तरी अंगुस्तान हातातून निसटलं आणि लाकडी जमिनीवरून घरंगळत कपाटाखाली गेलं. ते उचलायला कुणी उठलं नाही.

क्षणभर सिग्नेला वाटलं, गाडीला अपघात झाला आणि हे हुल्डाचं भूतच आलंय. शनिवारीच तर स्टेशनवर तिने हुल्डाच्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. आयुष्यात परत भेट नाही, असं समजून रडली होती. आणि ही बाई आज समोर बसून टाके घालतेय!

“अगं...” टेक्लामावशीला पहिल्यांदा कंठ फुटला. “आल्बिन कुठाय?”

“कॅलिफोर्नियात असेल.”

“आणि तू?”

“मी इथे,” हुल्डा म्हणाली. “सिग्ने, या कोपऱ्यात निळा दोरा घ्यायचा की पांढरा?”

सिग्नेने “पांढरा” म्हटलं. काय म्हटलं हे तिचं तिलाच कळलं नाही.

त्या दिवशी कॉफी लवकर आटोपली. एरवी बायका दुसरा, तिसरा कप घेत दिवे लागेपर्यंत रेंगाळायच्या, पण आज एकेकीला घरची कामं आठवली. कामं कसली आठवतात! गावात फोनची तार एकच होती आणि ती सगळ्या घरांतून फिरायची. एकीने फोन फिरवला की बाकीच्या हळूच रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या. त्या संध्याकाळी त्या तारेला क्षणाची उसंत मिळाली नसेल.

सगळ्या गेल्यावर हुल्डाने घरचीच असल्यासारखं कपबशांचं काम हातात घेतलं, कप धुतले, पुसले, फडताळात लावले. मग म्हणाली, “सिग्ने, खोली मिळेपर्यंत राहू का तुझ्याकडे?”

“राहा की,” सिग्ने म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिचा नवरा अर्विद धारा काढून दुधाच्या बादल्या घेऊन आत आला, तो उंबऱ्यातच थबकला.

“ही हुल्डा आहे का?” त्याने बायकोला विचारलं.

“हो.”

“मग शनिवारी गाडीत कोण बसलं?”

* * *

आल्बिन स्टेनक्विस्ट म्हणजे लिंडग्रोव्हचा जीव की प्राण. बुटका, गुबगुबीत, गाल सदा लाल. अकॉर्डियन वाजवावा त्यानेच. चर्चच्या जेवणात, कुणाच्या रौप्य विवाहाला, नव्या जोडप्याच्या घरासमोर रिवाजाप्रमाणे थट्टेने डबे बडवायला गाव जमे तेव्हा, कुठेही आल्बिन नाही तर कार्यक्रम अळणी. नकला तर अशा करायचा की ज्याची नक्कल त्यालाही ओळखू यावी. रेडिओवरचा धान्याचे भाव सांगणारा, स्टेशनमास्तर, शेजारच्या जर्मन गावचा खाटीक, लिलाव पुकारणारा, व्यायला आलेली डुकरीण. लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

आणि फक्त हसवायचाच असं नाही, ऐकूनही घ्यायचा. सिग्नेला त्याचं हेच अप्रूप होतं. तिचा एकुलता एक मुलगा एव्हर्ट नऊ वर्षांचा असताना नदीवरचा बर्फ फुटून बुडाला होता. त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. पण चारचौघांत बसलं की सिग्नेच्या तोंडून ती गोष्ट निघायचीच, आणि दर वेळी त्याच शब्दांत. सकाळी त्याने नवी टोपी घातली होती, निळी, मी म्हटलं कान झाक रे, आणि शेवटी टोपी तेवढी वर आली. ऐकून ऐकून लोक कंटाळले होते. कुणी खिडकीबाहेर बघायचं, कुणी ताटातला पाव कुस्करत बसायचं. आल्बिन मात्र खुर्ची ओढून जवळ यायचा, मान हलवायचा, रुमालाने डोळे टिपायचा. “सांग सिग्ने, सांग,” म्हणायचा. “मन मोकळं होतं.” सिग्नेला वाटायचं, सख्खा भाऊ असता तर यापेक्षा वेगळं काय करणार होता?

हुल्डाबद्दल मात्र सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. उंच, हाडापेराने मजबूत, तोंडाने मुकी. माणसं जमली की ती दिसायची ती स्वयंपाकघराच्या दारात, हातात कॉफीची किटली घेऊन. कॉफीचा गाळ खाली बसावा म्हणून तिच्यात अंडं फोडून घालायची तिकडची पद्धत, पण हुल्डासारखी नितळ कॉफी कुणाला जमत नसे, एवढी एकच तिची कीर्ती. लोक म्हणायचे, आल्बिनसारख्या हौशी माणसाला देवाने ही दगडाची मूर्ती कशी दिली! दर रविवारी दुपारी ती त्याच्या मागोमाग कुणाच्या तरी घरी जायची, भिंतीशी खुर्ची घेऊन बसायची आणि निघताना “बरं वाटलं” म्हणायची. मुलंबाळं नव्हती त्यांना.

त्या हिवाळ्यात आल्बिनला कॅलिफोर्नियाचे वेध लागले. सांध्यांना थंडी सोसत नाही, म्हणाला. शेत विकलं, गुरं विकली. निरोपाला चर्चच्या तळघरात सारं गाव लोटलं होतं. बायकांनी हिवाळाभर खपून एक गोधडी शिवली होती, तिच्या प्रत्येक चौकोनावर एकेका घराचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं. पास्टर हेडमन यांनी प्रार्थना म्हटली, आल्बिनने शेवटचं म्हणून अकॉर्डियन वाजवला आणि वाजवता वाजवता रडला. त्याला रडताना बघून मग सगळेच रडले. हुल्डा रडली नाही. ती आत किटल्या घासत होती.

आणि ही बाई पाच दिवसांत नवऱ्याला सोडून परत आली होती!

* * *

सिग्नेने तिला दुसऱ्या दिवशी सकाळी गाठलं. अर्विद गोठ्यात गेला होता.

“हात उचलायचा का तो?”

“छे गं.”

“प्यायचा चोरून?”

“नाही.”

“मग दुसरी कुणी...?”

हुल्डाला हसू फुटलं. “आल्बिनला? त्याला स्वतःशिवाय दुसरं कुणी कशाला लागेल?”

“मग झालं काय, हुल्डा? काहीतरी झालंच असेल ना? माणूस उगाच चालत्या संसारातून उठतं का?”

“गाडी वाटेत ग्रँड आयलंडला थांबली,” हुल्डा म्हणाली. “मी उतरले. पलीकडच्या फलाटावर परतीची गाडी होती, तिच्यात बसले.”

“त्याला सांगितलंस तरी?”

“सांगितलं. म्हटलं, मी घरी जाते. तो म्हणाला, कुठलं घर? घर विकलं. मी म्हटलं, तरी जाते.”

यापुढे तिने तोंडातून अक्षर काढलं नाही. सिग्नेला तिचा राग आला. इतक्या वर्षांची मैत्रीण, हिच्या पोटातलं माझ्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी? आणि त्या रागामागे एक भीतीही होती. हुल्डासारखी बाई असं करू शकते, तर मग कोण काय करेल याचा नेम काय? रात्री अर्विदच्या घोरण्याकडे ती कितीतरी वेळ कान देऊन पडली.

पास्टर हेडमन येऊन गेले. ते तासभर बोलले, हुल्डा तासभर ऐकत होती. शेवटी ते म्हणाले, “हुल्डा, पत्नीची जागा पतीजवळ असते.” हुल्डा म्हणाली, “कॉफी घेणार ना, पास्टर?” एवढंच झालं. बाहेर घोडागाडीच्या जुन्या तबेल्यात ठेवलेल्या मोटारीत बसताना ते सिग्नेला हळूच म्हणाले, “तिच्या डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?”

गावाने तेच धरलं. काहींनी डोक्यावर परिणाम म्हटलं, काहींनी काळीज नाही म्हटलं. आल्बिन बिचारा, परक्या मुलखात एकटा, हाताने बटाटे उकडतोय, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. त्याचं कार्ड आलं ते दुकानात काउंटरच्या मागे लावलं गेलं. वर समुद्राचं चित्र आणि मागे, “मित्रांनो, इथे ऊन पुष्कळ, पण तुमच्यासारखी माणसं नाहीत.” टेक्लामावशीने ते वाचून घेतलं आणि दुकानातच डोळ्यांना रुमाल लावला.

हुल्डाने टोप्यांच्या बंद पडलेल्या दुकानामागच्या दोन खोल्या घेतल्या. अंड्यांच्या केंद्रावर तिला काम मिळालं. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर एकेक अंडं धरून खराब निवडून काढायचं. आणि रविवारी दुपारी ती निघायची. हेच लोकांना सगळ्यात विचित्र वाटलं. तोंड लपवून बसायचं सोडून ही बया वेलची घातलेला पाव फडक्यात बांधून घराघरांत जायची, पूर्वीसारखी. आता एकटी.

दारातून कुणी परत पाठवत नसे. लिंडग्रोव्ह तेवढ्या थराला गेलं नव्हतं. खुर्ची मिळायची, कॉफीही मिळायची. पण दुसरा कप विचारत नसत. ज्याला त्या गावची रीत माहीत त्याला दुसरं काही सांगावं लागायचं नाही. रिकामा कप बशीत उपडा घालून हुल्डा “बरं वाटलं” म्हणायची आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या घरी जायची. सिग्नेने तिला दुसरा कप विचारला, पण एकदा न राहवून बोललीही, “त्या माणसाने माझ्या दुःखात जेवढी सोबत केली, तेवढी माझ्या घरच्यांनी केली नाही, हुल्डा. आणि तू त्याला भर गाडीत सोडून आलीस. मला नाही हे गिळता येत.”

काहीतरी हुल्डाच्या ओठापर्यंत आलं होतं हे सिग्नेलाही दिसलं. मग ते परत खाली गेलं.

* * *

जूनमध्ये स्ट्रॉबेरी पिकल्या की चर्चचं जेवण असे. त्या वर्षी आभाळ भरून आलं म्हणून झाडाखालची टेबलं उचलून तळघरात मांडली. सगळे बसताहेत तोच जिन्यावरून अकॉर्डियनचा सूर आला. एक क्षण गोंधळात गेला आणि मग अख्खं तळघर उभं राहिलं.

“आल्बिन!”

उन्हाने काळवंडला होता, थोडा रोडावला होता. पांढरे बूट घातले होते. त्याला मिठ्या मारायला रांग लागली. टेक्लामावशीने त्याचे दोन्ही गाल ओढले. “मेल्या, आलास होय रे!”

“येणार नाही तर काय, मावशी? माझं रत्न इथे राहिलंय ना,” असं म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे हुल्डा उभी होती. किटली तिच्या हातातच होती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं, आता तरी ही विरघळेल म्हणून.

“बस,” हुल्डा म्हणाली. “जेवून घे.”

सिग्नेच्या मनात आलं, खरंच दगड आहे ही. ती स्वतः जाऊन आल्बिनजवळ बसली. त्याने तिचा हात धरला. “कशी आहेस सिग्ने? एव्हर्टची आठवण काढतो मी रोज. रोज.” सिग्नेने त्याच्या बशीत आणखी स्ट्रॉबेरी वाढल्या.

जेवणं झाली. बायकोशी जरा बोलतो म्हणून आल्बिन स्वयंपाकघरात गेला. बाहेरच्या सगळ्यांनी समजुतीने माना डोलावल्या आणि तिकडे कुणी फिरकलं नाही. पण साय संपली होती, आणि सायीचं भांडं मागच्या थंड कोठीत होतं. कोठीला बाहेरूनही दार होतं. सिग्ने त्या दाराने आत गेली. मधल्या फळीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. ऐकायचं म्हणून ती गेली नव्हती, ही गोष्ट तिने पुढे स्वतःला कितीदा तरी बजावून सांगितली.

“चल आता, पुरे झालं,” आल्बिन म्हणत होता. त्याचा आवाज सिग्नेला ओळखू येईना. सपाट आणि थंड, जसा लिलावातला शेवटचा भाव. “तिकडे लोक विचारतात, बायको कुठाय. मला किती खोटं बोलायला लावशील?”

“मी येणार नाही.”

“इथे काय आहे तुझं? हे ठोंबे? अगं, तीस वर्षं मी यांना हसवलं कारण दुसरा उपाय नव्हता. तू म्हातारीला पाहिलंस ना आत्ता? माझे गाल ओढले. हाताला खारवलेल्या माशाचा वास! आणि तो पास्टर... आणि सिग्ने...”

मग सिग्नेला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

हुबेहूब तिचाच. तोच किंचित नाकातला सूर, वाक्याआधीचा तोच सुस्कारा. “नवीकोरी होती हो टोपी... निळी... मी म्हटलं, कान झाक रे राजा...” मध्ये हुंदका कुठे येतो तेही त्याने अचूक उचललं होतं. “आणि टोपी तेवढी... टोपी तेवढी वर आली!” आणि मग त्याचं स्वतःचं हसू, दबलेलं, खुसखुसतं. “बोल, चुकलो कुठे?”

“हळू,” हुल्डा म्हणाली. “ती बाहेर आहे, आल्बिन. देवाशपथ, हळू बोल.”

सिग्नेच्या हातात सायीचं भांडं होतं. ते तिने फळीवर परत ठेवलं. तिचं डोकं विलक्षण स्वच्छ झालं होतं. तिला एकेक संध्याकाळ आठवली. पुढे ओढलेली खुर्ची, डोळ्यांना लावलेला रुमाल, “सांग सिग्ने, सांग.” तो ऐकत नव्हता, पाठ करत होता.

ती बाहेरच्या दाराने फिरून तळघरात आली. थोड्या वेळाने आल्बिनही आला, गाल लाल, हात पसरून. “मानत नाही रे बाबांनो! काय करू?” लोक हळहळले. कुणीतरी म्हणालं, आल्बिन, एखादी नक्कल होऊन जाऊ दे, मन तरी रमेल.

“माझी कर,” सिग्ने म्हणाली.

ती उभी होती. असं चारचौघांत मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. अर्विदने काटा खाली ठेवला.

“माझी कर ना, आल्बिन. आत्ता आत केलीस ती. टोपीची.”

आल्बिनच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने सिग्नेकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याच्या मानेवर लाली चढताना सिग्नेने पाहिली. पण किती वेळ? एक श्वास घ्यावा एवढाच. मग त्याने डोक्यावर रुमाल बांधला, कमरेवर हात ठेवला आणि सिग्नेच्या आवाजात ओरडला, “अर्विद! ए अर्विद! टोपी काढ घरात आल्यावर! आणि बूट! कॉफी गार होतेय, बैल कुठला!”

तळघर हास्याने दणाणलं. अर्विद स्वतः मांडी थोपटत हसला. टेक्लामावशीला ठसका लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आल्बिनने कमरेत वाकून सिग्नेला मुजरा केला, जसा काही हा त्या दोघांनी आधीच ठरवलेला खेळ होता.

सिग्ने उभीच होती. आता सांगावं, ओरडून सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगणार कुणाला? समोर सगळे हसरे चेहरे. सांगितलं तर आल्बिन डोळ्यांत पाणी आणून म्हणेल, सिग्ने, तुझा काहीतरी गैरसमज झाला. आणि लोक त्याचंच ऐकतील. कालपर्यंत तिनेही त्याचंच ऐकलं असतं. सगळ्या तळघरात न हसणाऱ्या दोघीच होत्या, ती आणि दारातली हुल्डा.

* * *

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता, सिग्ने टोप्यांच्या दुकानामागे गेली. हुल्डाने दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघूनच बाजूला झाली.

“तू ऐकलंस,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“नाही. गाडीत बसेपर्यंत नाही.” हुल्डा पलंगाच्या कडेला बसली. “थंडी होती डब्यात. मी तुमची गोधडी पायांवर घेतली. त्याने ती ओढून पसरली आणि एकेक नाव वाचायला लागला. नाव वाचायचा आणि त्या माणसाची नक्कल करायचा. आधी मला वाटलं, त्याला घरची आठवण येतेय. मी हसलेसुद्धा, सिग्ने. मग तो म्हणाला, सुटलो! आता रविवारी कुणी दारात तडमडणार नाही. नवीन घर मी मुद्दाम असं घेतलंय की शेजार नाही.” ती थांबली. “आणि मग तुझं नाव आलं.”

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी मोटार घरी चालली होती, मुलं गात होती.

“मी भिंतीशी बसायचे ना,” हुल्डा म्हणाली, “मला बोलायला सुचायचं नाही. पण मला आवडायचं गं. तुमचं सगळ्यांचं बोलणं, तेच तेच सुद्धा. मला वाटायचं, आवड त्याची आहे, मी आपली त्याच्या मागून जाते. उलटंच निघालं.”

“मग मला सांगितलं का नाहीस? एवढं सगळं मी तुला बोलले...”

“काय सांगू? एव्हर्टची तो थट्टा करतो, हे तुझ्या तोंडावर सांगू?”

सिग्नेने तिचे दोन्ही हात धरले आणि ओक्साबोक्शी रडली. हुल्डा तिला थोपटत राहिली. रडण्याच्या कामात ती आजही अडाणीच होती.

आल्बिन दोन दिवस पाहुणचार झोडून एकटाच परत गेला. त्याला पोचवायला गाव स्टेशनवर गेलं. सिग्ने गेली नाही. अर्विदने कारण विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाली. तिने त्याला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि तेव्हा तो न जेवताच गोठ्यात निघून गेला. सांगितलं नसतं तर बरं, असं तिला वाटलं.

त्यानंतर एव्हर्टची गोष्ट तिच्या तोंडून निघेना. सुरुवात केली की स्वतःचाच आवाज तिला आल्बिनचा वाटायचा. लोकांना वाटलं, काळाने जखम भरली. गावात फक्त हुल्डाला ते कळत होतं. कधी रविवारी दोघीच असल्या की ती म्हणायची, “एव्हर्ट गाईला काय म्हणायचा गं? ते सांग.” टोपीचं नाही, नदीचं नाही. असलंच काहीतरी, जे सिग्नेने चारचौघांत कधी सांगितलं नव्हतं. त्या नव्या गोष्टी मात्र तिला सांगता यायच्या.

हुल्डाला दुसरा कप विचारायला गावाला काही वर्षं लागली. आधी एका घरी, मग दुसऱ्या. कुणाच्या बाळंतपणात ती राहून आली, कुणाच्या आजारपणात. टेक्लामावशी तेवढी शेवटपर्यंत ताठ राहिली.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षी आल्बिन गेल्याची तार आली. नवऱ्यापासून दूर राहिलेली का होईना, विधवा ती विधवा. सारं गाव हुल्डाच्या त्या दोन खोल्यांत समाचाराला आलं. खुर्च्या पुरेनात म्हणून अंड्यांची रिकामी खोकी उपडी घातली. जो तो आल्बिनच्या आठवणी सांगत होता. डुकरिणीची नक्कल, निरोपाच्या दिवशीचे अश्रू. हुल्डा किटली घेऊन फिरत होती.

“तू गाडीतून उतरली नसतीस ना,” टेक्लामावशी सगळ्यांदेखत म्हणाली. तिला आता धड दिसतही नव्हतं. “तर आणखी दहा वर्षं जगला असता माझा आल्बिन.”

सिग्नेच्या अंगाचा भडका उडाला. ती बोलायला उठणार, एवढ्यात हुल्डाने जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगलाच दाबून धरला.

“असेल, मावशी,” हुल्डा म्हणाली. “कप द्या इकडे. गरम ओतते.”

माणसं उशिरापर्यंत बसली. सगळी गेल्यावर सिग्ने तिच्यावर तुटून पडली. “का अडवलंस मला? कशासाठी झाकतेस अजून? मेला ना तो! निदान त्या थेरडीला तरी कळू दे!”

“किती माणसं आली होती पाहिलंस?” हुल्डा म्हणाली. ती खोकी उचलून एकावर एक रचत होती. “ही सगळी त्याला आवडत होती असं त्यांना वाटतं. वाटू दे की. तो आपल्यालाच हसत होता हे कळलं, तर कुणाच्या हसण्यावर विश्वास उरेल? मग जमतील का पुन्हा अशी?”

सिग्नेला हे पटलं नाही. पुढेही कधी पटलं नाही, आणि त्यावरून दोघींचं बऱ्याचदा वाजायचं. पण ती बोललीही नाही कुठे. टेक्लामावशी त्या शरद ऋतूत आजारी पडली तेव्हा तिला उठवायला, बसवायला हुल्डाच जायची. म्हातारी तिच्या हातची कॉफी प्यायची आणि आल्बिन काय माणूस होता ते तिला सांगत राहायची.